विसावा हवा

"किती वर्षांची आहे हो पोरगी?" मावशींनी दारातूनच विचारलं आणि वाकून ते बूट पुन्हा एकदा नीट पाहून घेतले. गुलाबी रंग, वर चर्रकन उघडणारी चिकटपट्टी, टाचेवर फुलपाखरू. सहा वर्षांच्या पायाला जरा ढगळ झाले असते, पण पोरांचे बूट वाढत्या मापाचेच घेतात, हे काय मावशींना कुणी सांगायला हवं होतं?

"कुठली पोरगी?" आतून फोरमनकाकूंचा आवाज आला.

"ही काय, या बुटांची मालकीण. नात आली वाटतं राहायला? मग कळवायचं नाही का आम्हाला!"

काकू काठी टेकत, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्या. त्यांनी एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा मावशींकडे.

"मालकीण तुमच्यासमोर उभी आहे. एक्याऐंशी पूर्ण. घेता का शाळेत?"

"तुमचे?"

"मग काय तर. पाय मुळात चिमुकले, त्यात म्हातारपणी आणखी आटले. वाकून नाडी बांधवत नाही. दुकानदार म्हणाला, आजी, पोरांच्यात बघा, पट्टीचे मिळतील. मिळाले. फुलपाखरू फुकट."

मावशी हसल्या, पण हसता हसताच त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. सव्वानऊ. सकाळपासून हे अकरावं घर आणि अकराही घरं कोरडी.

मावशी म्हणजे वसाहतीतल्या प्राथमिक शाळेच्या शिपाईबाई. गेली एकतीस वर्षं. त्यांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. लहानथोरांच्या तोंडी मावशीच. मुलं मोजायची त्यांची एक स्वतःची रीत होती. वर्गात डोकी मोजायला गेलं की डोकी हलतात, एक खाली वाकतं, दुसरं पाणी प्यायला पळतं. चपला हलत नाहीत. म्हणून मावशी वर्गाबाहेरच्या चपला मोजायच्या नि निम्मं करून सांगायच्या. गुरुजीसुद्धा हजेरी घ्यायच्या आधी खिडकीतून विचारायचे, "मावशी, किती आलेत?" तोच उद्योग आज त्या साऱ्या वसाहतीत करत फिरत होत्या. घरात मूल आहे का असं विचारलं तर माणसं सतरा सबबी सांगतात. दाराबाहेरची चप्पल खोटं बोलत नाही, असा त्यांचा अनुभव. आज पहिल्यांदाच चप्पल खोटं बोलली होती.

"किती कमी पडतात?" काकूंनी विचारलं. वसाहतीत कुणापासून काही लपत नव्हतं.

"वीस हवेत पहिलीला. सतरा झालेत. पाच वाजता साहेब येऊन पट बंद करणार. वीस नसले तर यंदापासून पहिलीचा वर्गच नाही."

"पहिली गेली तर बाकीची शाळा राहील की."

"राहील ना. तीन वर्षं. मग चौथीही संपेल." ज्या शाळेत पहिली नाही तिला वेगळं मारावं लागत नाही, ती आपली आपणच मरते.

काकूंनी मान हलवली. त्यांचे तिन्ही मुलगे त्याच शाळेत शिकले होते. एक समुद्रापलीकडे, दुसरा त्याच्याही पलीकडे आणि तिसरा कुठे आहे ते काकूंना नकाशा बघून सांगावं लागे.

"तुमच्या नातीला धरून सतरा?"

"तिला सोडून," मावशी म्हणाल्या.

"अस्सं," काकू म्हणाल्या. त्या एका शब्दात जेवढं भरता येईल तेवढं त्यांनी भरलं आणि चहा घेणार का म्हणून विचारलं. मावशींनी चहा घेतला नाही. घेतला असता तर बसावं लागलं असतं, आणि आज त्यांना कुठेही बसवत नव्हतं.

नातीवरून सकाळीच घरात खडाजंगी झाली होती. नात, म्हणजे मावशींची ठकी, गळ्यात टाय अडकवून, पाठीएवढं दप्तर घेऊन जिन्यात उभी होती. पलीकडच्या हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेची पिवळी बस तिला न्यायला यायची. मुलगा बूट घालत होता. मावशींनी मनाचा हिय्या करून विषय काढला. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी आदल्या दिवशी सुचवलं होतं की ठकीचं नाव नुसतं कागदावर लावू, नावापुरतं, महिन्याभरानं काढून टाकू.

"खोटं?" मुलानं विचारलं.

"नावापुरतं रे."

"आई, मग खरंच घालू का तिला तिथं? तेवढं बोल ना. माझी पोरगी त्या गळक्या वर्गात बसवू?"

"तू बसलास की."

"बसलो. आणि तूच रोज सांगायचीस ना, शीक बाबा, शिकलास तर इथून बाहेर पडशील. पडलो. आता परत आत कशाला ओढतेस?"

मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. वसाहतीच्या कडेला उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतल्या तीन लिफ्ट त्याच्या हातच्या. सून दातांच्या दवाखान्यात कामाला. दोघांचं मिळून आता असं होतं की मावशींना नोकरी करायची गरज नव्हती; सून तर तसं गोडीत चार वेळा बोललीही होती. मावशींना मुलाच्या बोलण्यावर उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही याचाच जास्त राग आला. डबा उचलून त्या तरातरा जिना उतरल्या, आणि ठकी वरून "आजी, टाटा" म्हणाली त्यालाही त्यांनी पायरीवरूनच हात हलवला. आता दर थोड्या वेळानं त्यांना तो न वळता हलवलेला हात आठवत होता.

फोरमनकाकूंची ओळ संपली. बैठी, कौलारू, एकाला एक लागून असलेली घरं. दिव्यांचा कारखाना चालू होता तेव्हा या एकेका ओळीतून तीस-पस्तीस पोरं निघत. पहिलीचे दोन वर्ग, एकेकात साठ. एका बाकावर चौघं, आणि पाचवं बाकाच्या दांड्यावर. चपलांचा असा खच पडायचा की सुट्टी झाल्यावर अर्धी पोरं दुसऱ्याच्या चपला घालून घरी जायची आणि संध्याकाळी आया भांडायला यायच्या. मग कारखाना बंद पडला. ज्यांची पोरं शिकली ती लांब गेली, ज्यांची शिकली नाहीत ती आणखी लांब, कारण घरं विकून जे आलं त्यात जवळपास काही मिळेना. उरले ते म्हातारे. पलीकडच्या अंगाला कारखान्याच्या जागेवर चौदा-चौदा मजले चढले आणि तिथं मोठ्या पगाराची माणसं राहायला आली. दोघं माणसं, दोन गाड्या, एक कुत्रं. मूल असलं तर एकच, आणि तेही पिवळ्या बसमध्ये.

आणखी सहा घरं. दोन कुलूपबंद. एकात नवीन लग्न झालेलं जोडपं; मावशींनी उगाचच आशेनं त्या मुलीच्या पोटाकडे पाहिलं आणि मग स्वतःलाच हसल्या, की बाई गं, झालं तरी सहा वर्षं लागतील!

अकराच्या सुमाराला त्या उंच इमारतींच्या फाटकाशी आल्या. रखवालदारानं उठून सलाम ठोकला.

"मावशी, ओळखलं नाही?"

मावशींनी टोपीखालचा चेहरा न्याहाळला. मिशा नव्या होत्या, कान तेच.

"पळपुट्या!"

मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीवरून उडी मारून पळणारा तो. किती वेळा मावशींनी त्याला तंगडीला धरून खाली ओढला असेल.

"शाळेतून पळायचास, आता दुसऱ्यांना आत-बाहेर करू देत नाहीस होय?"

"कर्माची फळं, मावशी," तो हसला. "काय काम काढलंत?"

मावशींनी सांगितलं. मग विचारलं, "तुला पोरंबाळं?"

"दोन. एक पहिलीतच यंदा."

मावशींचा हात नकळत पिशवीतल्या कोऱ्या अर्जाकडे गेला.

"पण मी इथं कुठं राहतो?" तो म्हणाला. "इथलं भाडं माझ्या पगाराएवढं. दीड तास लागतो यायला. पोरगा तिकडच्याच शाळेत आहे. मी इथं राहत असतो ना, तर दोन्ही तुमच्या पटावर लावली असती. शपथ."

राखण करायला इथं आणि राहायला दीड तासावर. मावशींनी हात पिशवीतून काढून घेतला.

पळपुट्यानं त्यांना वर सोडलं. मावशी मुलानं बसवलेल्या लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर गेल्या आणि तिथून एकेक मजला जिन्यानं उतरत आल्या, कारण गुडघ्यांना तोच सौदा परवडणारा होता. पण इथं त्यांची रीतच चालेना. दाराबाहेर चप्पल म्हणून दिसेल तर शपथ! प्रत्येक दाराशी एक बंद कपाट. सगळ्या चपला आत, कुलपात. काय मोजणार, कपाळ? घंटी वाजवावी, काचेच्या भोकातून कुणीतरी बघावं, दार न उघडताच नको म्हणावं. एकानं तर आतूनच "आम्ही देणगी देत नाही" म्हणून सांगितलं. मावशी बंद दाराला म्हणाल्या, "देणगी नकोय, पोर हवंय." आणि मग आपण काय बोललो ते कळून घाईघाईनं जिना उतरल्या.

सातव्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. बाई बोलायला छान होत्या. पायाशी पांढरं केसाळ कुत्रं.

"मूल नाही हो आमच्याकडे. हाच काय तो. याची शाळा शनिवारी असते."

"याची शाळा?"

"बस, उठ, हे सगळं शिकवतात ना." मग बाईंनी कुतूहलानं विचारलं, "तुमची शाळा नेमकी कुठे?"

"ही काय, तुमच्या खिडकीतून दिसते. लांबट पिवळी भिंत."

"ती शाळा आहे?" बाईंना खरंच नवल वाटलं. "पाच वर्षं बघतेय. मला वाटलं गोदाम आहे."

बाई वाईट नव्हत्या, म्हणून तर ते जास्त लागलं. त्यांनी पाणी विचारलं, कुत्र्याला मागे ओढलं, शुभेच्छा दिल्या. आतून कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

एक वाजला. सतराचे सतरा. खाली हिरवळीवर बाक होते, पण पळपुट्या कानकोंडा होऊन म्हणाला, "मावशी, तिथं राहणारेच बसतात. मागं सावली आहे, चला." मावशी मागे गेल्या. तिथं कचऱ्याचे डबे, पाण्याचा पंप, सामान वर न्यायची वेगळी लिफ्ट आणि एक अरुंद जिना. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी डब्याचं झाकण काढलं. पहिला घास तोंडात घातला आणि तसाच राहिला.

समोर, पंपाशेजारच्या खोल्यांच्या दाराशी, चपला होत्या.

फाटक्या, रबरी, एकीचा अंगठा सुतळीनं बांधलेला. मोठ्या होत्या तशा लहानही होत्या. मावशींची नजर आपसूकच मोजायला लागली. लहान जोड चार.

"मेले मी!" मावशी मोठ्यानं म्हणाल्या. एकतीस वर्षं शाळेत त्या मागच्या दारानं शिरल्या होत्या. पुढचं दार साहेबांचं, पाहुण्यांचं. घरकामाला जायच्या तेव्हाही मागचंच दार. आणि आज सकाळपासून ही शहाणी बाई वसाहतभर पुढची दारं वाजवत हिंडत होती! मुलाच्या लिफ्टमध्ये बसल्याबरोबर इमारतीला पाठ असते हे विसरलीच.

डबा तसाच बंद झाला.

पहिल्या खोलीत इस्त्रीवाला राहायचा. मुलगा सहाचा, बापाच्या टेबलाखाली कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपलेला. "शाळेत घालायचंच आहे हो," इस्त्रीवाला म्हणाला, "पण आमच्याकडे इथला पत्ता कुठाय? मालक लिहून देत नाहीत." मावशी म्हणाल्या, "पत्त्याचं मोठ्या बाई बघतील. तू नाव सांग." दुसऱ्या खोलीत ड्रायव्हरची बायको. मुलगी सातची, एक वर्ष वायाच गेलेलं. "घ्याल का मोठी झाली तरी?" मावशींनी तिथल्या तिथं अर्ज भरला. तिसऱ्या दाराशी होतं ते दोन वर्षांचं, त्याला नुसता गालगुच्चा. तीन वाजून गेले होते. एकोणीस.

चौथ्या दाराला कुलूप होतं. दाराशी निळ्या पट्ट्याच्या लहान चपला. या वेळी मावशींनी हात लावूनही पाहिल्या, न जाणो, एखादी म्हातारी निघायची.

"सातव्या मजल्यावरच्या कुत्र्यावाल्या बाईंची स्वयंपाकीण," ड्रायव्हरच्या बायकोनं सांगितलं. "पोरीला अनवाणीच घेऊन वर जाते. स्वयंपाकघरात बसवून ठेवते."

म्हणजे मघाशी मावशी दारात उभ्या होत्या तेव्हा विसावं पोर भिंतीपलीकडेच होतं. मावशी मागच्या जिन्यानं सात मजले चढल्या. मधे तीनदा थांबल्या. मागच्या दाराशी स्वयंपाकीण आली, तिशीतली, हात पिठानं भरलेले. मागे एक मुलगी फरशीवर बोटानं पाण्याची चित्रं काढत होती.

"बाई म्हणतात, पलीकडच्या मोठ्या शाळेत गरिबांच्या काही जागा असतात, तिथं बघू," स्वयंपाकीण हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या शाळेत आता कुणी उरलं नाही म्हणे."

"एकोणीस आहेत पहिलीत."

"तेच. एकोणीसच." ती मागे वळून बघत होती, गॅसवर काही होतं. "विचार करते. साडेचारला मोकळी होते. आले तर येते."

"पाचच्या आत हं."

"आले तर, म्हटलं ना."

मावशी पदरानं घाम पुसत फाटकाशी आल्या. पळपुट्यानं आपली खुर्ची पुढे केली. "टेका जरा. किती दमलात! वय झालं मावशी, आता विसावा हवा तुम्हाला."

"विसावाच हवाय रे," मावशी न थांबता म्हणाल्या. "एकोणीस झालेत."

शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीत साहेब येऊन बसले होते आणि चहा पीत होते. साहेब तसे शांत, उगाच कुणाला ओरडणारे नव्हते. त्यांच्यासमोर पट उघडा होता. मोठ्या बाईंनी मावशींना बाजूच्या वर्गात नेलं आणि एक अर्ज पुढे केला. त्यावर ठकीचं पूर्ण नाव, बापाचं नाव, घरचा पत्ता, सगळं मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरात लिहून तयार. फक्त सहीची जागा रिकामी.

"पालक म्हणून आजीची सही चालते. मी विचारून घेतलंय."

"मोठ्या बाई, पोरगी तिकडच्या पटावर आहे. एक पोर दोन ठिकाणी कसं बसेल?"

"कागदावर बसतं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मला काय हौस आहे का हो? माझी दोन वर्षं राहिलीत, तुमचीही दोनच. आपलं काय, कुठंही जाऊ. पण ही एकोणीस पोरं? उद्या त्यांना दोन बस बदलून पाठवणार आहेत त्यांचे आईबाप? घरी बसतील ती."

ते खरं होतं. इस्त्रीवाल्याचं पोर पुन्हा गठ्ठ्यावर जाऊन झोपलं असतं. मावशींनी पेन हातात घेतलं. मग ठेवलं.

"पाचाला अजून अवकाश आहे," त्या म्हणाल्या.

पण पाच वाजता सही करायची हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मुलगा ओरडेल, ओरडू दे. खोटं तर खोटं. त्या फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. नळ घट्ट बंद असतानाही पुन्हा बंद करून आल्या. साहेबांचा कप उचलायला म्हणून गेल्या आणि बशी तिथंच विसरून आल्या. मनात एकच घोकणी चालली होती, ये गं बाई, ये. तू आलीस तर मला हे करावं लागणार नाही.

पाचाला दहा मिनिटं असताना स्वयंपाकीण आली. मुलीचं बोट धरलेलं, मुलीच्या केसांना पाणी लावून चापूनचोपून भांग पाडलेला. मावशी जवळजवळ पळतच पुढे झाल्या आणि दोघींना मोठ्या बाईंच्या टेबलाशी घेऊन आल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

स्वयंपाकीण मात्र सही करेना. भिंतीवरची ओल, रिकामे हजेरीचे फळे, सगळं ती हळूहळू बघत होती.

"शाळा चांगली आहे ना?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय!" मोठ्या बाई पटकन म्हणाल्या. "अहो, आमच्या मावशींची नातसुद्धा इथंच आहे पहिलीत. तुमच्या मुलीबरोबरच बसेल. हा बघा अर्ज."

स्वयंपाकिणीनं मावशींकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मावशींना स्पष्ट दिसला. तिनं पेन उचललं. "खरंच, मावशी?"

नुसती मान हलवायची होती. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. साहेब घड्याळ बघत होते. मावशींनी त्या बाईच्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडेला अजून पीठ होतं. एकतीस वर्षांपूर्वी मावशी याच टेबलाशी अशाच उभ्या होत्या, मुलाचं बोट धरून. कुणी खोटं बोललं नव्हतं त्यांच्याशी. बोललं असतं तर?

"नाही," मावशी म्हणाल्या. "माझी नात इथं नाही."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

"कुठं जाते मग?"

"पलीकडच्या मोठ्या शाळेत. बसनं."

स्वयंपाकिणीनं पेन खाली ठेवलं. रागावली नाही, नुसती थांबली. "का?"

"माझ्या मुलाला परवडतं आता, म्हणून."

"आणि मुलाला कसं परवडतं?"

मावशींना सकाळपासून मुलाला द्यायचं उत्तर सापडत नव्हतं. ते हे नव्हतं. पण दुसरं कुठलं त्यांच्यापाशी नव्हतं.

"तो इथं शिकला," त्या म्हणाल्या. "याच शाळेत. मी बाहेर फरशी पुसायची आणि तो आत बसायचा. शिकला, नोकरीला लागला, लिफ्ट बसवतो. तुम्ही ज्या इमारतीत राहता ना, तिथल्याही त्यानंच बसवल्या. म्हणून त्याची पोरगी इथं येत नाही."

स्वयंपाकीण मनाशी काहीतरी जुळवत होती, ओठ हलत होते.

"म्हणजे माझी पोरगी इथं शिकली," ती सावकाश म्हणाली, "तर तिची पोरं इथं यायची नाहीत?"

"नाही यायची."

"खात्रीनं सांगता?"

"खात्रीनं," त्या म्हणाल्या. "एकही येणार नाही."

"मग लिहा नाव," स्वयंपाकीण म्हणाली.

मोठ्या बाईंनी ठकीचा अर्ज ओढून घेऊन मुकाट्यानं फाडला. साहेबांनी विसावं नाव लिहिलं, खाली रेघ मारली, पट मिटला आणि यंदाचं झालं, पुढच्या वर्षी बघू असं म्हणाले.

"वर्ग बघू?" मुलीनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

मावशी तिला पहिलीच्या वर्गात घेऊन गेल्या. तीन रांगा, बाकांवर जुन्या पोरांनी कोरलेली अक्षरं, खिडकीतून उतरलेलं ऊन. मुलगी उंबऱ्याशी थबकली.

"मी कुठं बसू?"

"कुठंही बस गं," मावशी म्हणाल्या. "जागा पुष्कळ आहे."

मुलगी पहिल्या बाकावर बसली. उठली, दुसऱ्यावर बसली, मग तिसऱ्यावर. एकेक बाक बघत, हात फिरवत, ती मागे मागे जात राहिली, आणि मावशी दारात उभ्या राहून तिचं सगळ्या बाकांवर बसून होईपर्यंत थांबल्या.